औषध हरवलं, तेव्हा ड्युटीवर कोण होतं?



समोर नर्सिंग शिकणाऱ्या आणि नोकरीला लागलेल्या मुली बऱ्याच दिसतायत, म्हणून प्रस्तावना न करता विषयाला हात घालतो. वॉर्डातून पेशंटचं औषध गायब झालं आणि बोट तुमच्याकडे वळलं, तर काय होतं? आणि काय करायचं? मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ही नोंद कोणी केली, कोणी बदलली, कधी बदलली हे शोधण्यात माझ्या नोकरीचा बराच वेळ जातो. त्यामुळे या विषयाकडे मी नोंदींच्या बाजूने बघतो.

आपलं शहर मोटारींचं म्हणून ओळखलं जातं. पण चाकणला गाड्या बनायच्या कितीतरी आधी, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा देशातला पहिला कारखाना आपल्याकडे होता. आपल्यातल्या काहींचे आजोबा, मामू तिथे कामाला होते. औषध ही मोजून, नोंदवून, कुलपात ठेवायची वस्तू आहे हे या गावाला नवीन नाही.

आता २०२१ चा एप्रिल आठवा. रेमडेसिविर. एका पेशंटच्या पाच दिवसांच्या कोर्सला सहा बाटल्या लागायच्या. पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या सांगण्यावरून कंपन्यांनी किमती उतरवल्या. कोणाची बाटली ५४०० रुपयांवरून ३४९० वर आली, कोणाची २८०० वरून ८९९ वर. पण छापील किंमत आणि रात्री अकराला मेडिकलच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला सांगितली जाणारी किंमत यांचा काही संबंध उरला नव्हता. गंमत अशी (गंमत कसली!) की जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्येच, या औषधाच्या नेहमीच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. तरी लोक दागिने मोडून ते आणत होते.

तर नातेवाईकांनी सहा बाटल्या आणून सिस्टरच्या हातात दिल्या. दोन दिवसांत तीन वापरल्या. तिसऱ्या दिवशी पेशंट गेला. उरलेल्या तीन बाटल्या कुठे आहेत? नातेवाईक मयतीच्या धावपळीत. सिस्टरची ड्युटी संपलेली. रात्री शेजारच्या बेडवरच्या पेशंटला तातडीने डोस हवा होता आणि त्याचा मुलगा अजून रांगेतच होता, म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरने त्यातली एक वापरली, 'सकाळी परत ठेवू' म्हणून. सकाळी ओव्हर देताना ती सांगायची राहिली. आठ दिवसांनी घरचे हिशोब मागायला येतात. तेव्हा चार्टवर सही कोणाची असते? बाटल्या हातात घेणाऱ्या पहिल्या सिस्टरची.

वॉर्डात काम केलेल्या कोणालाही विचारा, औषध 'हरवण्याचे' असे अनेक रस्ते आहेत ज्यांत चोर नसतो. अँप्यूल फुटते. इंडेंट दहाचं जातं, स्टोअरमधून आठ येतात, आणि गडबडीत दहावर सही होते. डॉक्टर डोस बदलतात, पण आधी काढलेलं औषध परत पाठवल्याची नोंद होत नाही. एका वॉर्डने दुसऱ्याकडून उधार घेतलेलं असतं. आणि माझ्या क्षेत्रातलं सांगायचं तर, अख्ख्या वॉर्डाचा कॉम्प्युटरवर एकच लॉगिन असतो आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. तिन्ही पाळ्यांत बाराजणी त्यावर काम करतात. नंतर कोणीतरी ऐटीत सांगतं, 'सिस्टिममध्ये दिसतंय.' अहो, काय दिसतंय? त्या लॉगिनवरून काहीतरी झालं एवढंच दिसतंय. कोणी केलं ते त्यात नाहीच.

पण चोऱ्या होतच नाहीत असं मी म्हणत नाही. त्याच एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, बारामतीत, रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. रिकाम्या बाटल्या रुग्णालयाशिवाय कुठून येणार? भोपाळमध्ये एका नर्सवर पोलिसांनी ठेवलेला आरोप असा होता की ती पेशंटला सलाईनचं पाणी टोचायची आणि खरी बाटली मित्रामार्फत विकायची. नागपूर, पुण्यातही काळाबाजारात पकडलेल्यांत रुग्णालयातले लोक होते. कुणाची तरी आई त्या पाण्यावर ठेवलेली होती, हे विसरून 'नर्सवर संशय घेणं म्हणजे अन्याय' असं सरसकट बोलता येणार नाही. औषध गेलं तर चौकशी झालीच पाहिजे. माझा मुद्दा चौकशी कशी होते हा आहे.

चाकणच्या कारखान्यात लाईनवरून पार्ट गायब झाला तर काय करतात, तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. बिन तपासतात, काऊंट परत करतात, मागच्या पाळीचं रजिस्टर बघतात, पाच वेळा 'का' विचारतात. आधी पार्ट कुठे गेला, मग कोणी नेला. रुग्णालयात बहुतेकदा उलटं चालतं. पहिला प्रश्नच 'ड्युटीवर कोण होतं?' आणि उत्तर नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवर सापडतं. कारण डॉक्टर राऊंड घेऊन जातात, मॅनेजर केबिनमध्ये असतात, वॉर्डात चोवीस तास असतात त्या सिस्टर, मामा आणि मावशी. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ पेशंट गेले, तेव्हाही तीन दिवसांत अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. ते प्रकरण औषधाचं नव्हतं, पण बोट कुठल्या दिशेला आधी जातं ते त्यात दिसतं.

आणि बोट कधी नावाकडेही जातं. मे २०२१ मध्ये बंगळूरच्या कोविड वॉर रूममध्ये बेडच्या घोटाळ्याबद्दल बोलायला गेलेल्या खासदार तेजस्वी सूर्या यांनी दोनशेच्या आसपास कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या यादीतली १७ नावं वाचून दाखवली. सगळी मुस्लिम. व्हिडिओ देशभर फिरला. पुढे चौकशीत त्या मुलांविरुद्ध काही निघालं नाही, पण ते किती जणांपर्यंत पोचलं?

म्हणून आपल्यातल्या कुणावर संशय आला की आपण लगेच म्हणतो, 'मुसलमान आहे म्हणून.' असेलही. पण ते तपासायची एक साधी पद्धत आहे. त्या कपाटाची चावी आणखी कोणाकोणाकडे होती? त्या सगळ्यांना तेच प्रश्न विचारले का? सगळ्यांच्या बॅगा बघितल्या, की एकीचीच? याचं उत्तर लेखी मिळवलं तर तो पुरावा होतो. नुसतं म्हटलं तर ती तक्रार राहते, आणि ज्या मुलीची नोकरी पणाला लागलीय तिला तक्रारीचा उपयोग नसतो.

'ड्युटीवर कोण होतं' हा प्रश्न किती खोल खड्ड्यात नेऊ शकतो, त्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात भयंकर उदाहरण नेदरलँड्सचं आहे. लुसिया दे बेर्क, हेग शहरातल्या बालरुग्णालयातली नर्स. सप्टेंबर २००१ मध्ये एक तान्हं बाळ दगावलं. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाने विषबाधा झाल्याचा संशय आला. रुग्णालयाने मागचे मृत्यू आणि अचानक खालावलेले पेशंट चाळले, आणि दिसलं की बऱ्याच वेळा लुसिया ड्युटीवर होती. कोर्टात आकडा सांगितला गेला की हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक. २००३ साली जन्मठेप.

आकडा ऐकला की माणूस गप्प होतो. पण तो कसा काढला होता? कुठला मृत्यू 'संशयास्पद' धरायचा, हे लुसिया तिथे होती हे माहीत झाल्यानंतर ठरवलेलं होतं. बाण आधी मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचं! रिचर्ड गिल आणि इतर संख्याशास्त्रज्ञांनी नीट आकडे घेऊन हिशोब केला, तेव्हा ती शक्यता आली पंचविसात एक. म्हणजे कुठल्याही मोठ्या रुग्णालयात अशी एखादी 'लुसिया' निघेलच. तिच्या डायरीतला, आपल्याला एक अनावर ओढ आहे अशा अर्थाचा उल्लेखही तिच्याविरुद्ध वापरला गेला. ती म्हणत होती, ते पत्त्यांवरून भविष्य बघण्याबद्दल होतं. (आज डायरीच्या जागी व्हॉट्सॲप आहे, लक्षात असू द्या.) तुरुंगात तिला पक्षाघाताचा झटका आला. एप्रिल २०१० मध्ये कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. बाळाचा मृत्यू नैसर्गिक असू शकतो, हे मान्य व्हायला कित्येक वर्षं लागली. तिच्यासाठी झटणाऱ्यांत मेट्टा दे नो नावाची डॉक्टर होती, आणि तिची भावजय त्याच रुग्णालयात वरच्या पदावर होती. घरातलं नातं तुटायची वेळ आली तरी ती बोलली.

आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला यूसुफ अलैहिस्सलामांचा किस्सा या दृष्टीने परत आठवून बघा. त्यात सदऱ्याचा पुरावा आहे. समोरून फाटला असेल तर एक अर्थ, मागून फाटला असेल तर दुसरा. कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवून कपडा बघा, असं तिथे एक माणूस सांगतो. त्याच किस्स्यात पुढे धाकट्या भावाच्या सामानात प्याला सापडतो, आणि तो त्याने चोरलेला नसतो. आणि सदऱ्याने निर्दोष ठरूनही यूसुफ तुरुंगात गेलेच.

आता कामाचं. तुम्ही पहिल्या दिवसापासून कराव्यात अशा गोष्टी फार नाहीत. नातेवाईकांनी औषध आणून दिलं की आकडा आणि वेळ लिहा, त्यांची सही घ्या. उधार घेतलं-दिलं तर त्याच मिनिटाला लिहा. अँप्यूल फुटली तर तुकडे टाकू नका, दुसऱ्या सिस्टरला बोलवा आणि दोघींच्या सह्या करा. मॉर्फिन, फेंटॅनिलसारखी औषधं अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतात, त्यांचं रजिस्टर 'नंतर भरू' म्हणून कधीच सोडू नका. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करायला लावलं तर इनचार्जला तसा मेसेज पाठवून ठेवा. भांडायचं नाही, पण मेसेज असू द्यायचा. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ज्यांची नाही, सहा महिन्यांचा कोर्स करून ज्यांना सिस्टरचा ड्रेस घालून उभं केलंय, त्यांनी दुप्पट जपा. प्रकरण झालं की रुग्णालय सगळ्यात आधी तुमची ओळख विसरतं.

प्रकरण झालंच तर? केबिनमध्ये बोलावतात. आवाज गोड असतो. 'बेटा, चूक झाली एवढं लिहून दे, प्रकरण इथंच मिटवू.' या वाक्याला फार जपा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, हा आपल्या कायद्यातला जुना नियम आहे. पण मॅनेजरला लिहून दिलेली कबुली पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. घाबरून, रडत, घरी जायची घाई म्हणून लिहिलेल्या चार ओळी केबिनमधून बाहेर पडल्यावर परत घेता येत नाहीत. तुम्ही लिहायचं ते एवढंच: मी अमुक वेळी ड्युटीवर होते, माझ्यासमोर हे घडलं, मला हे माहीत नाही, मला रजिस्टरची प्रत आणि त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज हवं आहे. फुटेज लवकर मागा, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं.

पगारातून कापून घेऊ म्हणाले तर? ताब्यात दिलेल्या वस्तूच्या नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या कायद्यात हे होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. आणि नुकसान तुमच्याच हयगयीने झालेलं असावं लागतं.

पोलिसांत गेलं तर नोकराने केलेल्या चोरीचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेचं ३०६, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. पोलिसांना कारण नोंदवावं लागतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. नोटीस आली तर जा, टाळू नका. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याला आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर ती तुमच्या घरी येऊन करावी लागते.

आता थोडं इथे बसलेल्या भावांना आणि अब्बांना. अशा वेळी घरात काय होतं ते आपण सगळे जाणतो. 'आधीच सांगितलं होतं, नाईट ड्युटी नको.' 'लोक काय म्हणतील, रिश्ता कसा येणार.' आठ दिवसांत मुलगी घरी बसते. राजीनामा दिला की रुग्णालयही खूश होतं, कारण बाहेर सांगायला सोपं जातं: बघा, चौकशी लागली आणि निघून गेली. चौकशी चालू असताना राजीनामा देऊ नका, हे मी वकिलांकडून एकापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. केबिनमध्ये तिला एकटं पाठवू नका, आणि आरडाओरडा करायला दहा जणंही जाऊ नका. एक जण जा, वही-पेन घेऊन. कोण काय म्हणालं ते तारीख-वेळेसह लिहा.

वकिलाचे पैसे नाहीत, असं बऱ्याचजणी म्हणतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. हेल्पलाईनचा नंबर १५१००. आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या, मग प्रश्न घेऊ.