भीड आणि अनामत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीची, नाताळची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या कोकणच्या वाटेला लागतात. नागाव, दिवेआगर, हर्णे, गुहागर, तारकर्ली अशा किनाऱ्यावरच्या गावांत आता आळीआळीत ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ ही पाटी दिसते. मुलं नोकरीसाठी शहरात गेलेली, मागं आईवडील आणि मोठं घर. त्यातल्या दोन खोल्या नीट करायच्या, पाहुण्यांना मोदक, सोलकढी, माशाचं जेवण करून घालायचं. नारळ-सुपारीच्या बेभरवशाच्या उत्पन्नाला हा जोडधंदा बरा आधार देतो.

या धंद्याची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. पाहुणे निघून गेल्यावर खोलीत काय उरतं, ही ती बाजू. चौघांसाठी खोली ठरवलेली असते आणि गाडीतून आठजण उतरतात. समुद्रावरून येऊन ओल्या कपड्यांनी गादीवर बसतात. अंगावरची वाळू न्हाणीघरात जाते आणि मोरी तुंबते. बाळाचे डायपर संडासात टाकले जातात, मग टाकी उपसणारी गाडी लांबून मागवावी लागते. चादरीला सिगारेटचं भोक, अभ्र्याला कालवणाचा डाग, दार सताड उघडं टाकून रात्रभर चालवलेला एसी. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठलेला असताना शॉवर अर्धा अर्धा तास चालू. आगरातल्या शहाळ्यांना न विचारता हात लागतो तो वेगळाच.

हॉटेलातही हे होतं. पण हॉटेलात बोलायला व्यवस्थापक असतो आणि तो खर्च खोलीच्या दरात धरलेला असतो. घरगुती सोयीत स्वयंपाक करणारी, चादरी धुणारी आणि हिशेब घेणारी बाई एकच असते. सरकारनंही या प्रकाराचा विचार घर म्हणूनच केला आहे. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा आणि मालकानं कुटुंबासह तिथंच राहायचं, अशी अट आहे. म्हणजे पाहुणा जे मोडतो ते कुणाच्या तरी राहत्या घरातलं असतं.

आणि इथंच आपली भीड आडवी येते. पानात वाढलेल्या माणसाकडे तुटलेल्या नळाचे पैसे कसे मागायचे? दापोलीकडच्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. सहाजण सांगून अकराजण आले, रात्री दोनपर्यंत अंगणात गाणी, गादी जळलेली. काकूंनी निघताना हातावर दही-साखर ठेवली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी पाटी काढून ठेवली. “घर बाटल्यासारखं वाटलं,” एवढंच त्या म्हणाल्या. गादी तीन-चार हजारांची असेल, पण त्या घराचं वर्षाचं निम्मं उत्पन्न गेलं.

असं होऊ नये म्हणून काय करावं? याचं उत्तर आपल्याच व्यवहारात आहे. मंगल कार्यालय आठवा. लग्नाच्या आदल्या दिवशी कोठीतून यादीप्रमाणे भांडी मोजून देतात, निघताना मोजून घेतात. वाट्या कमी भरल्या तर अनामतीतून कापतात. मुलीच्या लग्नासारख्या नाजूक प्रसंगीही याचा कुणाला राग येत नाही, कारण ते आधी ठरलेलं असतं. धर्मशाळांतूनही किती दिवस राहायचं, चूल कुठं पेटवायची, हे दारातच लिहिलेलं असे. आधी सांगितलं तर तो नियम वाटतो. तीच गोष्ट नंतर सांगितली की भांडण होतं.

म्हणून तीन वेळा बोलावं. पहिल्यांदा आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी. माणसं किती, जास्त आली तर माणशी किती पैसे, अनामत किती, दारू-सिगारेट चालेल का, रात्री अंगण कधी बंद होतं, हे मोबाइलवर लिहून पाठवावं आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच पैसे घ्यावेत. दुसऱ्यांदा पाहुणे आल्यावर. खोली दाखवतानाच नळ, गीझर, काचा, गाद्या त्यांच्यादेखत पाहाव्यात. ‘वाळू परसातल्या नळावर धुऊन या, न्हाणीची मोरी लहान आहे’ असं कारणासकट सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. तिसऱ्यांदा निघताना. सामान गाडीत चढण्याआधी पाच मिनिटं खोलीत एकत्र फिरावं आणि अनामत तिथल्या तिथं परत करावी. गाडी फाट्यावर पोचल्यावर केलेल्या फोनचा उपयोग होत नाही.

अनामत म्हणजे दंड नव्हे, हेही घरमालकांनी लक्षात ठेवावं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं, की करारात रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवीच मिळते, आणि ती त्या रकमेपेक्षा जास्त नाही. पाच वर्षं वापरलेल्या गादीसाठी नव्या गादीची पूर्ण किंमत मागणं वाजवी नव्हे. पैशांसाठी पाहुण्याचं मूळ आधार कार्ड किंवा गाडीची किल्ली अडकवून ठेवणं तर मुळीच नको. तसं केलं तर तक्रारदार असलेले आपणच आरोपी व्हायचो. फोटो, दुरुस्तीचं बिल आणि मोबाइलवरचा तो ‘मान्य’ हाच खरा आधार.

इंटरनेटवरून खोल्या भरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका महिलेनं एअरबीएनबीमार्फत दिलेलं घर पाहुण्यांनी लुटून उद्ध्वस्त केलं. गवगवा झाल्यावर कंपनीनं घरमालकांना ५० हजार डॉलरपर्यंतच्या नुकसानीची हमी दिली आणि २०१२ मध्ये ती १० लाख डॉलरवर नेली. पण अशी हमी मिळवायलाही मुदतीत दावा आणि पुरावा लागतो. फोनवरून थेट ठरलेल्या पाहुण्यामागे तर कुणाचीच हमी नसते.

काही नुकसान मात्र पैशांत मोजता येत नाही. रात्री अकरा वाजता अंगणात स्पीकर लागला की झोप मोडते ती शेजारच्या म्हाताऱ्याची, आणि बोलणी बसतात घरमालकाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. ऐकलंच नाही तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवता येतं. पण एकट्या घरापेक्षा गावाचा नियम जास्त चालतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथं समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. पिल्लं पाहायला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरचं साधं जेवण जेवतात आणि किनाऱ्यावर दोरीबाहेर उभे राहतात. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, हे तिथं सगळ्यांसाठी सारखं असतं. सगळ्या आळीनं मिळून एकच नियमावली लावली तर ‘शेजारचे काही म्हणत नाहीत’ ही सबब उरत नाही.

शेवटी दोन शब्द पाहुण्यांसाठी. कप फुटतो, मूल गादी ओली करतं, हे कुणाच्याही घरी होतं. ते लपवू नका, निघण्यापूर्वी सांगा. पुष्कळदा घरची माणसं पैसे घेतही नाहीत. न सांगता गेलात याचंच त्यांना लागतं. माणसं वाढणार असतील तर निघतानाच फोन करा. आणि घरमालकांनो, पाहुणचार जरूर करा, हातावर दही-साखरही ठेवा. फक्त त्याआधी खोली बघून घ्या.