शिक्षक टिकतील कसे?



पेण तालुक्याचे दोन भाग आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत : पश्चिमेस खाडीकाठचा खारेपाट आणि पूर्वेस डोंगरउतारावरील ठाकूर-कातकरी वाड्या. खारेपाटात नेमणूक झालेला शिक्षक प्रथम पिण्याच्या पाण्याची चौकशी करतो. हेटवण्याचे धरण याच तालुक्यात असताना ती त्याला करावी लागावी, हे आपणांस भूषणावह नाही. वाडीवर नेमलेला शिक्षक खोली शोधतो. ती न मिळाल्यास पेणहून किंवा रोह्याहून ये-जा करू लागतो.

शिक्षक मिळत नाहीत, ही तक्रार निम्मीच खरी आहे. मिळालेले राहत नाहीत, हे खरे दुखणे. कोकणात नेमणूक होणाऱ्यांत घाटावरचे व मराठवाड्यातले तरुण पुष्कळ असतात. सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाची. प्राथमिक शाळेसाठी हे मानधन २०२३ साली ६,००० रुपयांवरून १६,००० झाले, हे बरे झाले. परंतु गावी आईवडील थकलेले असतात, आणि तो आंतरजिल्हा बदलीची वाट पाहू लागतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

जिल्ह्यांतर्गत बदल्यांच्या २०१७ च्या धोरणाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा केलेल्यास बदलीचा अधिकार दिला. हे न्यायाचेच आहे. मात्र वाडीवरच्या शाळेत शिक्षक खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो तो याच सुमारास. कातकरी मुलाची घरची बोली पुस्तकातील मराठीहून निराळी. ती कानात बसावयास वेळ लागतो. दिवाळीनंतर कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जाणार, हे उमगावयास दोन पावसाळे तरी जातात. ज्याला हे ठाऊक आहे तोच दसऱ्यापासून घरोघर फिरून मुलाला आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याची खटपट करू शकतो. नवख्या गुरुजींना वाडी ओस पडल्यावर हजेरीपटावरून सारे कळते.

म्हणून अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की, निघण्याचा अधिकार जसा आहे तसा राहणाऱ्यालाही काही लाभ असावा. कोणी स्वखुशीने सहा वर्षे राहिला, तर त्याचा बदलीचा अधिकार तसाच अबाधित राहावा आणि पुढील पसंतीत त्याचा क्रम वर यावा.

पंचायत सदस्यांशीही थोडे स्पष्ट बोलतो. घरभाडे भत्त्यासाठी शिक्षक मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव २०१९ पासून मागितला जाऊ लागला. गावात भाड्याने एक खोली नसताना असे ठराव झाल्याचे आपण सारे जाणतो. कागद खोटा, हे मुलांनाही समजते. ठरावाला हात वर करण्यापूर्वी सदस्यांनी खोली दाखवावी. दोन खोल्या, आत नळ, शौचालय आणि दाराला चांगली कडी. शिक्षिका एकटी राहावयाची असेल तर ही कडी फार महत्त्वाची. येत्या ग्रामसभेत एवढा एकच विषय घ्या, आणि खोली कोणाच्या जागेत बांधावयाची ते त्याच दिवशी ठरवा.