दोन भाऊ आणि एक निवड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहास शिकवीत, आणि नीट विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तरापेक्षा अधिक गुण देत. म्हणून आज मी उत्तर आणलेले नाही. प्रश्न आणला आहे. माणूस देवाकडे वळतो तेव्हा तो स्वतः वळतो, की वळविला जातो?

हा प्रश्न फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यात त्यावरून कडाक्याचा वाद झाला. 1525 साली मार्टिन ल्यूथरने इरॅस्मसला उत्तर देताना मानवी इच्छा ही बद्ध असल्याचे प्रतिपादन केले. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने आणि पुढे स्कॉटलंडच्या धर्ममंडळाने तो विचार अखेरपर्यंत ताणून धरला. परंतु मला तो जिनिव्हातून सांगावयाचा नाही. तो मुंबईमार्गे आपल्या हैदराबाद संस्थानात आला होता, आणि मराठी बोलत आला होता.

1843 साली मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे दोन ब्राह्मण बंधू शिकत होते. त्या वर्षाच्या सप्टेंबरात नारायणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धाकटा श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. पण तो भावामागोमाग मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहावयास गेला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान, म्हणून ताबा पित्याचा, असा निर्णय होऊन श्रीपत वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला. मिशनरी म्हणत होते की मुलगा आपल्या मर्जीने आला आहे. वडिलांचे म्हणणे होते की इतक्या लहान मुलाला मर्जी कसली! कायद्याने वडिलांचे म्हणणे मान्य केले.

मुलगा घरी आला, पण प्रकरण तेथे मिटले नाही. मिशनरीच्या घरी अन्नपाणी घेतलेल्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे या मताचे होते. त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. पदरात घेण्याजोगे पोर पुढे उभे असता शास्त्रार्थाचा काथ्याकूट करीत बसणाऱ्यांपेक्षा बाळशास्त्री मला मोठे वाटतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता गंमत पाहा. ज्या मिशनरींनी न्यायालयात बालकाच्या इच्छेचा कैवार घेतला, त्यांची स्वतःची धर्मश्रद्धा इच्छेविषयी काय सांगत होती? ते वेस्टमिन्स्टर येथे 1646 साली तयार झालेला विश्वासाचा जाहीरनामा मानणारे होते. त्यात तेहतीस प्रकरणे आहेत. तिसऱ्यात म्हटले आहे की जे जे घडते ते ते देवाने अनादिकालापासून ठरविलेले आहे. कोणाचे तारण व्हावयाचे हेही त्यानेच ठरविले, आणि तेही माणसाचे गुण पाहून नव्हे. नवव्या प्रकरणात सांगितले आहे की आदिपतनानंतर माणसाची इच्छा आध्यात्मिक कल्याणाकडे आपण होऊन वळण्याचे सामर्थ्यच गमावून बसली. म्हणजे भाकरी खावी की भात, हे मी ठरवू शकतो. देवावर प्रेम करावे, हे मात्र त्याने माझे मन नवे केल्याशिवाय मला ठरविता येत नाही.

तेव्हा प्रश्न सरळ उभा राहतो. एकाच आईचे दोन मुलगे, एकच शाळा, तेच शिक्षक. एक गेला आणि एक परतला. हे कोणी ठरविले? नारायणाच्या मनाने, न्यायाधीशाने, की देवाने? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचेच उदाहरण घेतले आहे. ते जन्मास येण्यापूर्वी, त्यांच्या हातून बरे वाईट काही घडण्यापूर्वीच, देवाने धाकट्याची निवड केली. हा अन्याय नव्हे काय, अशी शंका पौल स्वतःच उपस्थित करतो आणि कुंभार व माती यांचा दृष्टांत देऊन थांबतो. सांगावयास हरकत नाही, त्या दृष्टांताने माझे समाधान कधी झाले नाही. माती रडत नाही. बारा वर्षांचा मुलगा रडतो.

आपल्याकडे हे ऐकताच ‘म्हणजे प्रारब्धच की’ असे म्हणण्याची घाई होते. ती चुकीची आहे. प्रारब्ध हे माझ्याच पूर्वकर्माचे फळ, हिशेब माझ्याच खात्यावरचा. कॅल्व्हिनच्या मतात असा हिशेबच नाही. तेथे सर्व भार कृपेवर आणि कृपा विनाकारण. तुलनाच करावयाची तर ती दक्षिणेतील श्रीवैष्णवांच्या वादाशी करावी. माकडाचे पिलू आईला आपण घट्ट धरते. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काहीच करावे लागत नाही. वडकलै पंथाने पहिला न्याय स्वीकारला, तेंकलै पंथाने दुसरा. स्कॉटलंडचे लोक मार्जारपक्षाचे, एवढे म्हटले तर विषय निम्मा समजतो. उरलेला निम्मा अवघड आहे, कारण मांजरी आपली सगळीच पिले उचलते.

मग असे मानणारी माणसे हातपाय गाळून बसली असतील, असा तर्क आपण करू. इतिहास उलट सांगतो. त्याच 1843 सालच्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक आपली घरे व पगार सोडून राजमान्य धर्ममंडळातून बाहेर पडले; कारण धर्ममंडळाचा धनी ख्रिस्त, जमीनदार किंवा सरकार नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईचे मिशनरीही त्यांच्याच बाजूस गेले. देवापुढे स्वातंत्र्य नाकारणारी ही माणसे सत्तेपुढे सहसा नमली नाहीत. देवाने ठरविलेले फिरविणारा दुसरा कोणी नाही, अशी खात्री असलेला माणूस कोणाला भिणार?

नारायण शेषाद्री यांच्याकडेच पाहा. 1854 मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ते निजामाच्या राज्यातील जालना येथे आले. त्यांचे काम मुख्यतः मांग समाजात झाले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाने एकोणिसाव्या शतकात मांगवाड्यात जाऊन बसणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पहिले सालारजंग दिवाण असताना जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर एक ख्रिस्ती गाव वसले. 1873 साली न्यूयॉर्कच्या जागतिक परिषदेत हिंदी ख्रिस्ती लोकांच्या वतीने नारायणराव उपस्थित होते. सर्व काही ठरलेले आहे असे मानणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात एवढी धडपड कशाला? त्या परंपरेचे उत्तर असे की फळ ठरले आहे तशी पेरणीही ठरलेली आहे, आणि पेरणारा हात तुझाच आहे. जाहीरनाम्यातही लिहिले आहे की देवाच्या संकल्पाने प्राण्यांच्या इच्छेवर बलात्कार होत नाही. हे दोन्ही एकदम कसे खरे, हे मात्र तेथे उकललेले नाही.

याच संस्थानात दुसरा पक्षही नांदत होता. मेदकचे भव्य मंदिर, ज्याचे 1924 साली समर्पण झाले, ते वेस्लियन मेथडिस्टांचे. जॉन वेस्लीला पूर्वनियुक्तीचे मत मान्य नव्हते. कृपा सर्वांस देऊ केलेली आहे, ती माणूस स्वीकारू किंवा नाकारू शकतो, असे तो शिकवी. 1947 च्या सप्टेंबरात दक्षिण भारताचे धर्ममंडळ स्थापन झाले, तेव्हा मेथडिस्ट, अँग्लिकन आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतले लोक एका छताखाली आले. युरोपात ज्या मतभेदावरून ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले आणि पंथ फुटले, तो मतभेद मनात ठेवून येथील माणसे एकाच बाकावर बसून प्रार्थना करू लागली. पंडितांना हे शिथिल वाटेल. मला त्यात शहाणपण दिसते.

जालना 1956 साली हैदराबादपासून वेगळे झाले, 1960 मध्ये महाराष्ट्रात गेले. नारायणरावांच्या त्या गावाचे नाव बेथेल. बायबल वाचणाऱ्यास ते याकोबाचे स्थान म्हणून ठाऊक असते. भावाच्या धाकाने घर सोडून पळालेला याकोब रानात दगड उशाला घेऊन निजला, स्वप्नात त्याला स्वर्गाला भिडलेली शिडी दिसली, आणि जागा झाल्यावर त्याने त्या जागेला ‘देवाचे घर’ असे नाव दिले. पुढे वीस वर्षांनी तो परतला तेव्हा एसाव, जो निवडला गेला नव्हता तो, धावत सामोरा आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडला.