परदेशची शिष्यवृत्ती आणि घरचे ऋण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात मी दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारी हयात खेड्यातील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली. समुद्र ओलांडणे दूरच, तो पाहिला तोही एकदाच, शाळेच्या सहलीत. अशा मनुष्याने परदेशच्या शिष्यवृत्त्यांविषयी काय सांगावे? परंतु या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि तीच चूक आपल्या पुष्कळ घरांतून होत असावी अशी मला शंका आहे. ती सांगण्याचा अधिकार मला निश्चित आहे, एवढ्याच आधारावर मी आपणांसमोर उभा आहे.

आपल्या मुलामुलींच्या तोंडी ज्या शिष्यवृत्त्यांची नावे असतात, त्यांत फुलब्राइट हे नाव प्रमुख आहे. अमेरिकेचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या प्रयत्नाने १९४६ साली तिचा कायदा झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकेचे युद्धसाहित्य विकून जो पैसा येईल, तो विद्यार्थी व अध्यापक यांच्या देवघेवीकडे वळवावा, अशी मूळ कल्पना होती. भारताशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५० रोजी. आपल्या बाजूने त्यावर पंडित नेहरूंची सही आहे. पुढे २००८ साली नवा करार होऊन दोन्ही सरकारांनी खर्चाचा भार सारखा उचलण्याचे ठरविले, आणि शिष्यवृत्तीस फुलब्राइट-नेहरू असे नाव मिळाले.

तिच्यातील पदव्युत्तर शिक्षणाच्या शिष्यवृत्तीच्या अटी मी वाचून पाहिल्या. ५५ टक्के गुण हवेत. ते तर आपल्या घरोघरी आहेत. परंतु पदवीनंतर निदान तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. आणि शिक्षण पुरे झाल्यावर मायदेशी परत यावे लागते. दोन वर्षे येथे राहिल्यावाचून तिकडे स्थायिक होण्याचा परवाना सामान्यतः मागता येत नाही. म्हणजे देणाऱ्याचे लक्ष गुणपत्रिकेपेक्षा दोन गोष्टींकडे अधिक आहे: या उमेदवाराने आजवर काय केले, आणि परत येऊन तो काय करणार?

आता माझी चूक सांगतो. माझी एक विद्यार्थिनी, आपल्याच समाजातील, परिचारिकेची चार वर्षांची पदवी घेऊन एका सेवाभावी संस्थेत आरोग्याचे काम करीत होती. २०१४ साली तिने सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी हा अर्ज करण्याचे ठरविले. अर्जासोबत आपला हेतू सांगणारा निबंध जोडावयाचा असतो. ती माझ्याकडे आली व म्हणाली, “गुरुजी, मी आधी मराठीत लिहिते, तुम्ही सुधारून द्या. मग मी इंग्रजी करीन.” मला मोठा आनंद झाला. मी त्या निबंधात ज्ञानाचा दीप घातला, मातृभूमीची सेवा घातली, दीनदुबळ्यांचे अश्रू घातले. तिच्या वडिलांनी कसे कष्ट काढले, तेही दोन परिच्छेद भरून लिहिले. लिहून झाल्यावर मीच तो मोठ्याने वाचून दाखविला. त्या वर्षी तिला मुलाखतीचेही बोलावणे आले नाही.

पोर काही बोलली नाही, परंतु मी तो कागद पुन्हा काढून वाचला. वरचे नाव खोडून कोणत्याही मुलीचे नाव घातले असते, तरी तो निबंध तसाच चालला असता! त्यात ती कोठेच नव्हती. तिला मीच बाहेर काढले होते.

पुढच्या वर्षी ती आली, तेव्हा मी लेखणी हातात घेतली नाही. नुसते विचारले, “तुझ्या कामात तुझे अडते कोठे?” ती क्षणभर थांबली व मग तासभर बोलत राहिली. तिच्या भागातील अर्धी गावे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती गळीत हंगाम संपल्यावर परततात. बालकास दीड महिन्याची लस गावात टोचली जाते. अडीच व साडेतीन महिन्यांची वेळ येते, तेव्हा ते बालक आईबरोबर कोठल्या तरी कारखान्याच्या फडात असते. तिने एक वही केली होती. कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या कारखान्यावर गेले, हे ती त्यात टिपून ठेवी व आईजवळ डोसाच्या तारखांची चिठ्ठी देई. परंतु हंगामाअखेर वही पाहता तिला एक कोडे सुटत नसे. डोस चुकला म्हणून नोंद नाही, की डोस मिळाला पण नोंद झाली नाही? “गुरुजी, हे मोजायचे कसे ते मला कोणी शिकविलेले नाही. तेच शिकायचे आहे,” ती म्हणाली.

मी म्हटले, “हेच लिही. एक शब्दही अधिक घालू नकोस.”

२०१५ च्या त्या अर्जात वही होती, मुकादम होते, फसलेल्या चिठ्ठ्याही होत्या. शिफारसपत्रांसाठी पहिल्या खेपेस आम्ही मोठ्या हुद्द्याची माणसे शोधली होती, ज्यांनी तिला दोनदाच पाहिले होते. या खेपेस तिचे काम रोज पाहणाऱ्या वरिष्ठांनी पत्र दिले. तिला मुलाखतीस बोलावले, तिची निवड झाली, आणि २०१६ साली ती अमेरिकेस गेली.

यावरून पालकांस माझी विनंती अशी. अर्ज मुलांना स्वतः लिहू द्या. गरिबीचे वर्णन पुष्कळ करतील. कामातील अडचण नेमकी सांगणारे थोडे असतात. निवड हमखास करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नका. नियम व तारखा बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत सूचना स्वतः वाचा व निदान वर्षभर आधी तयारीस लागा. आणि एकदा नकार आला म्हणून घरात सुतक पाळू नका.

आता परतण्याविषयी. रँग्लर परांजपे यांचे नाव आपण जाणतो. सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मोठ्या मानाच्या जागा मोकळ्या असता ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर परतले व १९०२ साली तेथील प्राचार्य झाले. हे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो. परंतु दुसरेही एक उदाहरण आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. करार पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर त्या विद्वानास शहरात राहावयास जागा मिळाली नाही. त्याने आपला शब्द पाळला. समाजाने आपला पाळला नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना ही गोष्ट विसरणे मला योग्य वाटत नाही.

माझी विद्यार्थिनी २०१८ साली परत आली व पुन्हा त्याच गावांतून काम करू लागली. तिला भेटावयास आपले पुष्कळ लोक गेले. किती डॉलर मिळत होते, तिकडेच का राहिली नाहीस, आता स्थळ कसले पाहणार, असे प्रश्न तिला विचारण्यात आले. काय शिकून आलीस, असे तिच्या आईखेरीज कोणी विचारले नाही. हे तिनेच मला हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही.

मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, ते योग्यच आहे. परंतु नारळ व शाल देऊन आपले काम संपत नाही. अर्ज करणाऱ्या मुलामुलींस पारपत्र व परीक्षांची फी यांसाठी बिनव्याजी रक्कम मिळावी, असा छोटा निधी मंडळाने उभारावा. माझ्या निवृत्तिवेतनातून त्याची पहिली वर्गणी मी आज चिटणीसांकडे दिली आहे. आणि जो कोणी शिकून परत येईल, त्याला पुढच्या मेळाव्यात या व्यासपीठावर बोलवावे, शाल देण्यापूर्वी बोलू द्यावे, आणि आपण खाली बसून ऐकावे. पुढील वर्षी माझ्या जागी त्या मुलीचे व्याख्यान ठेवावे, अशी माझी सूचना आहे.