कोंडलेला ड्रॅगन लहान का होतो?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय माझ्या भाच्याने दिलाय. वय वर्षं नऊ. सुट्टीत आम्ही दोघं एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिथे एक बिबट्या जाळीलगत फेऱ्या मारत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. वळायची जागासुद्धा ठरलेली. बराच वेळ बघून भाचा म्हणाला, "मामा, हा पण त्या ड्रॅगनसारखा लहान लहान होत जाणार का?"

ड्रॅगनची ती गोष्ट त्याला मीच सांगितली होती. उत्तर मात्र लगेच देता आलं नाही. ते आज देतो.

गोष्ट आहे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' ही कादंबरी 1996 ला आली आणि 2011 पासून मालिका. कादंबरीत टिरियन नावाचं पात्र राजवाड्याच्या तळघरात ड्रॅगनांच्या 19 कवट्या बघतं. सगळ्यात मोठी कवटी बलेरियनची. त्याच्या जबड्यात अख्खा रानगवा मावेल, एवढी. आणि शेवटच्या दोन कवट्या? मोठ्या कुत्र्याच्या डोक्याएवढ्या! जात तीच, मग हे झालं कसं?

आधी हा प्राणी नीट बघू. मार्टिन यांच्या ड्रॅगनला पाय दोनच, आणि पुढचे दोन अवयव म्हणजे पंख. हे मुद्दाम केलंय. आपल्या जगातल्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत चारांहून जास्त अवयवांची जोडणी कुठेच नाही. वटवाघूळ घ्या, कावळा घ्या, हातांचेच पंख झालेत. दुसरं, हा प्राणी मांस भाजून खातो. आपल्या आगीने आधी होरपळवतो, मग गिळतो. शिजलेलं मांस पचायला सोपं, त्यामुळे ही सवय त्याच्या फायद्याचीच. आणि तिसरी, आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तो मरेपर्यंत वाढत राहतो. अनेक मासेही असेच आयुष्यभर थोडे थोडे वाढतात.

आता, बलेरियनएवढं धूड उडेल का? नाही उडणार. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोअॅटलस. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे 10 मीटर होता आणि वजन अडीचशे किलोच्या आसपास धरलं जातं. तर उडणं आपण लेखकाला माफ करू. लहान होणं मात्र तपासून बघू.

पहिली शक्यता, बेटावरचा बुटकेपणा. सिसिलीत एके काळी जेमतेम एक मीटर उंचीचे हत्ती होते. खाणं कमी, जागा कमी, म्हणून पिढ्यानपिढ्या आकार घटत गेला. पण त्याला हजारो वर्षं लागतात. ड्रॅगन तर दीडशे वर्षांत संपले. ही शक्यता बाद.

दुसरी शक्यता, जवळच्या नात्यातली पैदास. राजघराण्यातल्या यादवीत बहुतेक ड्रॅगन मेले, उरले मूठभर. असं खरोखर होतं. अमेरिकेत फ्लोरिडामधले पँथर 1990 च्या सुमारास वीस-तीसच उरले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. मग 1995 ला टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि संख्या पुन्हा वाढली. ड्रॅगनांना बाहेरून आणायला टेक्सासच नव्हतं!

तिसरी शक्यता, कोंडणं. राजांनी ड्रॅगनांसाठी 'ड्रॅगनपिट' नावाची घुमटाची प्रचंड वास्तू बांधली. उडणं कमी झालं, शिकार थांबली, खाणं आयतं मिळू लागलं. गोष्टीतल्या अनेकांना हेच कारण वाटतं. लेखकाने शेवटचा निकाल दिलेला नाही. माझं मत विचाराल तर दुसरी आणि तिसरी मिळून.

आता भाच्याचा प्रश्न. पिंजऱ्यातला बिबट्या कवटीने लहान होत नाही. पण काहीतरी घटतं, आणि ते मोजलंही गेलंय. 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात हत्तिणींचा अभ्यास आला. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं मध्यक आयुष्य सुमारे 17 वर्षं निघालं. केनियातल्या अंबोसेलीत, माणसाने मारलेल्या सोडून, ते 56 वर्षं होतं. शरीर तेवढंच, आयुष्य एक तृतीयांशाहून कमी. आणि त्या बिबट्याच्या एकसारख्या फेऱ्या? ते कोंडलेल्या प्राण्यांत दिसणारं वागणं आहे. रानात मैलोन् मैल हिंडणाऱ्या प्राण्यांत जास्त दिसतं.

म्हणजे सगळे पिंजरे उघडा, असं मी म्हणत नाही. जखमी बिबट्या, आई हरवलेली पिल्लं, यातल्या काहींना परत रानात सोडताच येत नाही. पण मग जागा किती, झाडं किती, लपायला आडोसा आहे का, हे आपण विचारायला हवं. आपण तिकीट काढून जातो ना!

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तो लहान होत नाही, त्याचं जग लहान होतं."

माझी वीस मिनिटांची बडबड त्याने एका वाक्यात संपवली. तुम्ही शेवटचं प्राणिसंग्रहालय कधी बघितलंत आणि तिथला प्राणी काय करत होता, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.