बाळाची रात्र आणि आईची नोकरी



बाळंतपणाची रजा संपते आणि आई पुन्हा कामावर रुजू होते. त्याच आठवड्यात पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. इतके दिवस बऱ्यापैकी झोपणारे मूल आता रात्रीतून तीन-तीन, चार-चार वेळा उठू लागते. आई डोळे चोळत शाळेत जाते, फळ्यावर बेरीज मांडताना हातचा धरायला विसरते. शेजारच्या काकू म्हणतात, "पोराला खोड लागली गं, वेळीच मोडून काढ." आज मला बोलायचे आहे ते या खोडीविषयी. कारण बहुतेक वेळा ती खोड नसतेच.

आता हिशेब करून पाहा. आई सकाळी साडेनऊला घर सोडते आणि साडेपाचला परतते. म्हणजे झाले आठ तास. एरवी एवढ्या वेळात मूल तीन-चार वेळा अंगावर प्यायले असते. आता दुसऱ्याच्या हातून ते जेमतेम घोटभर घेते, उरलेला वेळ झोपून काढते आणि रात्री आई जवळ आली की दिवसाची सगळी थकबाकी वसूल करते. दुधाची आणि मायेचीही! आईला वाटते, आपले दूध कमी झाले. तसे असेलच असे नाही. दूध तयार करायला लावणारे शरीरातले द्रव्य रात्री अधिक असते, म्हणून दिवसभर बाहेर राहणाऱ्या आईचे दूध टिकायला रात्रीच्या पाजण्याचा उपयोगच होतो.

शिवाय तान्ह्या मुलाची झोपच मुळात तुटक असते. मोठ्या माणसाच्या झोपेचा एक फेरा सुमारे दीड तासाचा, तर बाळाचा तासाभराच्या आतबाहेर. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते थोडे चाळवते. म्हणून हूं की चूं झाल्याबरोबर उचलून घेऊ नका. क्षणभर थांबा, अंगावर हात ठेवा. पुष्कळदा ते आपले आपण पुन्हा झोपी जाते. रडू लागले तर मात्र ताटकळत ठेवू नका.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत बायका कामाला जात, त्या काळी घरी ठेवलेले मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. मूल गप्प राही, पण त्याची भूक मरे, अंग सुके, आणि काही मुले त्या झोपेतून उठतच नसत. त्या माउल्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांना रजा नव्हती आणि मूल सांभाळायला कोणी नव्हते. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतले आठ आठवडे बाळंतपणापूर्वीच घेतले, तर मूल चार महिन्यांचे असतानाच आईला परतावे लागते, हे रजेचा अर्ज करतानाच ध्यानात घ्यावे.

अफू गेली, पण झोप लागावी म्हणून सर्दी-खोकल्याचे गोड औषध चमचाभर पाजणारी माणसे अजून भेटतात. तसे मुळीच करू नका. "पोट भरलं की झोपेल" म्हणून सहा महिन्यांच्या आत पेज, गाईचे दूध असे वरचे काही सुरू करू नका. आणि मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातून लहान मुलाला जिवावरचा आजार होऊ शकतो.

मग करायचे काय? रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधीपासून दिवसाचे दूध दिवसाच पोटात जाईल अशी सोय बसवायला लागा. हात धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर चार तासांहून जास्त ठेवू नये. शीतकपाट असेल तर उत्तमच. पाजताना चुलीवर तापवू नये, भांडे कोमट पाण्यात धरावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, नाहीतर आपले जुने बोंडले आहेच! ही सवय आजीने किंवा बाबांनी लावावी, कारण आई समोर असताना मूल वाटीला तोंड लावत नाही. निघण्यापूर्वी एकदा पोटभर पाजावे आणि घरी आल्याबरोबर, चहासुद्धा नंतर, पुन्हा पाजावे.

आता पुरुष श्रोत्यांना एक विचारते. मूल रात्री उठते तेव्हा आपण काय करता? कूस बदलता, असे मी ऐकून आहे. पाजणे हे काम आईचे, हे कबूल. पण दुपटे बदलणे, मूल उचलून तिच्याजवळ देणे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, थोपटणे, ही कामे आपल्या हातांना जमण्याजोगी आहेत. तिने नऊ वाजता पाजून निजावे आणि पुढचे तीन-चार तास मूल तुम्ही सांभाळावे. एवढी सलग झोप मिळाली तर तिचा दुसरा दिवस निभावतो. सासूबाईंनीही तिला पहाटेच्या पाण्यातून आणि डब्यातून काही दिवस मोकळे करावे.

रात्री पाजताना दिवा मंद असावा, बोलणे नको, खेळणे नको, मोबाइलचा उजेड तर नकोच. मुलाला पाठीवर निजवावे. अंथरूण घट्ट असावे. उशी आणि जाड गोधडी त्याच्या तोंडापाशी नको. दारू प्यालेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाच्या कुशीत त्याला कधीही झोपवू नये. खुर्चीत बसून पाजताना डोळा लागत असेल, तर मूल दुसऱ्याकडे द्यावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला यातले निम्मेही लागू पडत नाही, हे मी जाणून आहे. तिला रजा नाही, आणि रात्री गाडी भरायची वेळ आली की तिची झोप त्या गाडीबरोबर जाते. तिचे मूल फडाच्या कडेला असते, एवढीच त्यातल्या त्यात सोय. दर दोन-तीन तासांनी पाजायला तिला सोडणे, हे मुकादमाने आपले काम समजले पाहिजे.

मूल एकाएकी फार उठू लागले आणि अंग तापले, दूध ओढीना, धाप लागली, मलूल पडले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि मूल झोपले असतानाही आईला झोप येत नसेल, दोन आठवडे उलटूनही ती उगाच रडत असेल, तर "बाळंतिणीचं असंच असतं" म्हणू नका. तेही दुखणेच आहे, आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी ठरवून दिली. आपल्या शाळेला नियम कोणताही लागू असो, वेळापत्रक आपल्याच हाती आहे. तिचा मोकळा तास मधल्या सुट्टीला जोडून द्या. घर गावातच असेल तर ती जाऊन पाजून येईल. लांब असेल तर दूध काढायला दाराला कडी असलेली एक खोली तिला द्या.