केस काढायची, पण नक्कल आधी
(दोंडाईचा येथील बैठकीतलं भाषण)



केसेस मागं घ्या, ही आपली मागणी आहेच. पण मंत्री हो म्हटला म्हणून केस निघत नाही. सरकारी वकील अर्ज करतो, कोर्ट परवानगी देतं. तोवर तारीख चुकवू नका, वॉरंट निघतं.

आणि आधी नक्कल काढा. १३ डिसेंबर २००५ च्या आधी फॉरेस्टवाल्यानं 'अतिक्रमण' म्हणून केस केली ना? मग तेव्हा जमीन आपणच कसत होतो, हे त्यानंच लिहून दिलं! वनहक्क नियम १३ मध्ये वनखात्याचे कागद, कोर्टाचे निकाल पुरावा धरतात. एक पुरावा पुरत नाही. सोबत गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब जोडा, तो स्वतः दावेदार नको. केस नंबर ठाऊक नसेल तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात मागा. दंडाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका, पुढच्या बैठकीला आणा.